प्रवाळासाठी झगडलेली कवयित्री : ज्युडिथ राइट

(द्वितीय वर्ष, कला)

ऑस्ट्रेलियाचे नाव निघाले की आपल्या वर्गातील बहुतेकांना क्रिकेट आठवते. इंग्रजी साहित्य घेतलेल्यांपैकी एखाद्याला ज्युडिथ राइट या कवयित्रीचे नाव ठाऊक असते, पण तेही परीक्षेपुरते. या बाईंनी आयुष्याची उमेदीची कितीतरी वर्षे समुद्रातील एका भिंतीसाठी खर्ची घातली. कविता बाजूला ठेवून त्यांनी शेकडो पत्रे लिहिली, सभा घेतल्या, मंत्र्यांशी वैर पत्करले. ही हकीकत क्रमिक पुस्तकातील चार ओळींच्या परिचयात मावणारी नाही. मी मालवणकडची, समुद्रकाठी वाढलेली. कदाचित म्हणूनच त्यांच्या कवितेच्याही आधी मला त्यांची ही लढाई जवळची वाटली. ती माझ्या कुवतीप्रमाणे सांगते.

ज्युडिथ यांचा जन्म ३१ मे १९१५ रोजी न्यू साउथ वेल्स राज्यातील आर्मिडेल या गावाजवळ झाला. घराणे पशुपालन करणाऱ्या बड्या जमीनदारांचे. पशुपालन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर उभा राहतो, तसे हे नव्हे. डोळ्यांना अंत लागू नये एवढी कुरणे, त्यांवर मेंढ्या आणि गुरे, आणि मधोमध मालकाचे घर. या रानात ती मुलगी वाढली. आई दीर्घ आजारानंतर १९२७ साली वारली. सुरुवातीचे शिक्षण घरीच टपालाने येणाऱ्या पाठांवर झाले, पुढे वसतिगृहाच्या शाळेत आणि त्यानंतर सिडनी विद्यापीठात. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान, इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र असे मनाला आवडतील ते विषय अभ्यासले आणि पदवी न घेताच बाहेर पडल्या.

येथे मी वाचता वाचता थांबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. फीच्या पावत्यासुद्धा आई पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते. पदवीचा कागद हाती न घेता कोणी खुशाल निघून जाते, हे आमच्या घरी सांगितले तर खरे वाटणार नाही. अर्थात ज्यांच्या मागे एवढी जमीन आहे त्यांना ते परवडते, असेही मनात आले. पुढे ज्युडिथ यांच्याही मनात त्या जमिनीविषयी प्रश्न उभे राहिले. ते मात्र फार वेगळे होते, आणि ते यथाक्रम येतीलच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतावर माणसे मिळेनात, म्हणून त्या वडिलांच्या मदतीला परत गेल्या. आपले मन या मातीत किती रुतले आहे हे त्यांना त्याच वेळी उमगले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. नंतर ब्रिस्बेन शहरात नोकरी करीत असता जॅक मॅकिनी या तत्त्वचिंतकाशी त्यांची गाठ पडली. जॅक वयाने खूपच मोठे, पहिल्या महायुद्धातून आलेले, हातात पैसा नसलेले. दोघांनी टॅम्बोरीन पर्वतावर बिऱ्हाड केले. 'द मूव्हिंग इमेज' हा पहिला कवितासंग्रह १९४६ साली निघाला आणि ज्युडिथ राइट हे नाव देशभर झाले. १९५० मध्ये मुलगी झाली. रीतसर लग्न मात्र १९६२ साली लागले. ऐन तारुण्यापासून त्यांची श्रवणशक्ती कमी होत चालली होती आणि उतारवयात त्या पूर्ण बहिऱ्या झाल्या. पुढील हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात असावी, कारण सभा, समित्या आणि टेलिफोन यांवाचून चळवळ चालत नाही आणि या तिन्ही ठिकाणी कान लागतात.

आता त्या भिंतीविषयी. १९४९ साली ज्युडिथ लेडी एलियट नावाच्या बेटावर गेल्या होत्या. ग्रेट बॅरियर रीफ ही जी जगप्रसिद्ध प्रवाळभित्ती आहे तिच्या दक्षिण टोकाचे हे बेट. भूगोलाच्या पुस्तकात आपण तिचे नाव पाठ केलेले असते. क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्याला समांतर अशी ती सुमारे २,३०० किलोमीटर पसरली आहे. भिंत म्हटले तरी ती सलग नाही. जवळजवळ २,९०० लहानमोठे प्रवाळखडक आणि शेकडो बेटे यांची ती माळ आहे. आज तिचे जे संरक्षित क्षेत्र आहे ते ३,४४,४०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या सबंध महाराष्ट्राहून मोठे.

आणि हे सारे बांधले कोणी? पोवळे म्हणून अंगठीत बसवतो तो खडा नव्हे तर मूळचा प्राणी आहे, हे मला बारावीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्यापासून भिंत बनते ते प्रवाळ याच गोतातले. मऊ देहाचा, तोंडाभोवती बारीक बाहू असलेला हा एवढासा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना काढून आपल्याभोवती घर बांधतो. तो मरतो, घर राहते, त्यावर दुसरा बांधतो. असे हजारो वर्षे चालते तेव्हा खडक होतो. त्याच्या देहात अतिसूक्ष्म शैवाल राहते. उन्हात अन्न तयार करून ते यजमानाला देते, आणि प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्याचाच. म्हणून प्रवाळाला पाणी स्वच्छ लागते, उथळ लागते, उबदार लागते, पण फार उबदार चालत नाही. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातील सुमारे एकचतुर्थांश जीवजाती कोठेतरी त्यांच्या आश्रयाने जगतात. मासे तेथे अंडी घालतात, पिले तेथे लपतात. लाटांचा जोर खडकावर मोडतो म्हणून मागचा किनारा शाबूत राहतो. कोळ्याच्या भाषेत सांगायचे तर हे माशांचे माहेर आहे, आणि गावाचा बंधाराही.

१९६२ साली ज्युडिथ, रानफुलांची चित्रे काढणाऱ्या कॅथलीन मॅकार्थर, प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले आणि प्रकाशक ब्रायन क्लाउस्टन या चौघांनी मिळून क्वीन्सलंडमध्ये वन्यजीवरक्षणाची एक संस्था काढली. १९६४ पासून बारा वर्षे ज्युडिथ तिच्या अध्यक्ष होत्या. त्या वेळी पर्यावरण हा शब्द आजच्यासारखा शाळकरी मुलांच्या तोंडी नव्हता. फुलापाखरांच्या मागे लागलेली हौशी मंडळी, अशीच त्यांची संभावना होई. जॅक १९६६ च्या अखेरीस वारले. घरात एकाकीपणा आला, आणि नेमके पुढच्याच वर्षी प्रवाळाचे प्रकरण दारात उभे राहिले.

झाले ते असे. उत्तर क्वीन्सलंड हा उसाचा मुलूख. तेथील आम्लधर्मी जमिनीला चुना घालावा लागतो. १९६७ साली एका ऊस बागायतदाराने एलिसन नावाचा प्रवाळखडक खणून त्यातून स्वस्त चुना काढण्याचा परवाना मागितला. खडक मेलेला आहे, तेव्हा कोणाचे नुकसान नाही, असे अर्जात म्हटले होते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आलेली ही जाहिरात जॉन ब्यूस्ट या चित्रकाराने पाहिली. हा गृहस्थ जवळच बिंगिल बे येथे राहत असे. त्याने हरकत नोंदवली आणि ज्युडिथ यांना कळवले. वनशास्त्रज्ञ लेन वेब हे तिसरे. एक कवयित्री, एक चित्रकार आणि एक झाडांचा अभ्यासक. समुद्राच्या शास्त्राशी तिघांचाही व्यवसायाने संबंध नाही! शास्त्रज्ञांमध्ये तर एकमतही नव्हते. बेताने उपयोग करून घ्यायला काय हरकत आहे, असे म्हणणारे त्यांच्यातही होते.

या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला भाग पुढे आहे. खडक मेलेला की जिवंत, हे ठरवायचे कसे? क्वीन्सलंड विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे एक समुद्रतटविषयक मंडळ होते. त्यातील पाणबुडे विद्यार्थी, तुमच्या-माझ्याएवढीच मुले, समुद्रात उतरली आणि मोजदाद करून आली. जिवंत प्रवाळांच्या ८८ जाती, माशांच्या १९०, शंखशिंपल्यांच्या ६० अशी त्यांची यादी निघाली. मेलेल्या म्हटलेल्या खडकावर एवढा संसार! इनिसफेल गावच्या खाणविषयक न्यायालयात ही साक्ष पुढे आली. वरचा थर मेला तरी तो खाली आणि बाजूला जगणाऱ्यांचा आधार असतो, म्हणून खडकाचा तुकडा वेगळा काढून मेला म्हणता येत नाही, असा प्रवाळाच्या बाजूचा युक्तिवाद होता. अर्ज नामंजूर झाला.

प्रवाळ जाळून चुना करण्याचा उद्योग काही परदेशातच चालत असे, असे नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात वर्षानुवर्षे प्रवाळखडक फोडून नेले गेले. आपल्या कोकणात चुना शिंपल्यांचा केला जाई. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यातील खडकांवर प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा प्रवाळांनी भरलेला उंचवटा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. माझ्या घरची माणसे रापणीवर जगणारी. अभयारण्य हा शब्द आमच्या वाडीत आजही बंदी याच अर्थाने घेतला जातो. तो राग खोटा नाही. ज्याची होडी उद्या किनाऱ्याला बसेल, त्याला प्रवाळाचे महत्त्व सांगायला जाणे सोपे नाही. म्हणूनच ज्युडिथ यांच्या लढाईत सामान्य कष्टकरी कोणत्या बाजूला होते, हे मी मुद्दाम शोधून वाचले.

उत्तर मिळते ते तेलाच्या प्रकरणात. एलिसन हे नुसते नांदीचे प्रकरण ठरले. दरम्यान राज्य सरकारने प्रवाळभित्तीचा जवळजवळ सगळा पट्टा तेल शोधणाऱ्या कंपन्यांना वाटून दिला होता. १९६८ मध्ये मुख्यमंत्रिपदी आलेले ब्येल्के-पीटरसन यांच्याजवळ स्वतःचेच तेलकंपन्यांचे भाग होते. सरकारने अमेरिकेतून एक भूशास्त्रज्ञ बोलावला. थोडक्या दिवसांच्या पाहणीवर त्याने मृत भागाचा उपयोग करता येईल, असा अभिप्राय दिला. समोर सरकार, कंपन्या, पैसा. आणि इकडे ज्युडिथ यांच्या संस्थेजवळ टपाल तिकिटांनाही पैसे पुरत नसत. त्या पत्रे लिहीत राहिल्या. विद्यार्थ्यांनी प्रवाळ वाचवा अशा चिकटपट्ट्या छापून मोटारींवर लावण्यासाठी विकल्या. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे समुद्रातील तेलविहीर फुटली आणि काळ्या किनाऱ्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातील घराघरांत पोचली. लोकमत फिरू लागले.

मग १९७० च्या जानेवारीत कामगार संघटना पुढे आल्या. मॅके शहराजवळ सुरू होऊ घातलेल्या खोदकामावर त्यांनी बहिष्कार जाहीर केला. कामगारच नाहीत म्हटल्यावर यंत्र काय करणार? कंपनीला काम थांबवावे लागले. मार्चच्या ३ तारखेला 'ओशॅनिक ग्रँड्युअर' हे तेलवाहू जहाज टोरेस सामुद्रधुनीत खडकावर आपटले आणि तेल पाण्यात सांडले. सरकारे जे नाकारत होती ते सर्वांच्या डोळ्यांपुढे घडले. त्याच वर्षी चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचे काम १९७४ पर्यंत चालले. जॉन ब्यूस्ट १९७१ साली वारला, शेवट त्याला पाहायला मिळाला नाही. १९७५ साली मध्यवर्ती सरकारने ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा कायदा केला, उद्यानात तेल आणि खनिजे काढण्यास मनाई झाली, आणि १९८१ मध्ये या प्रवाळभित्तीचा जागतिक वारशात समावेश झाला.

तेव्हा कष्टकरी माणूस या लढाईत प्रवाळाच्या बाजूला उभा राहिला, आणि निर्णायक क्षणी राहिला. शिवाय या उद्यानात सरसकट बंदी घातलेली नाही. समुद्राचे विभाग पाडले आहेत. कोठे मासेमारी चालते, कोठे काही प्रकारचीच चालते, कोठे मुळीच चालत नाही. २००४ साली पूर्ण बंदीचे क्षेत्र वाढवून एकतृतीयांश केले, तेव्हा तेथील मच्छीमारही नाराज झाले होते, हे सांगितले पाहिजे. पण कोणता भाग मोकळा आणि कोणता बंद, याचा नकाशा सर्वांना पाहता येतो. आमच्या वाडीत असा नकाशा कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

या साऱ्या लढ्याची हकीकत ज्युडिथ यांनी 'द कोरल बॅटलग्राउंड' या पुस्तकात १९७७ साली लिहिली. त्यात कोणत्या सभेला किती माणसे आली, कोणत्या मंत्र्याने काय टाळले, अशा रूक्ष गोष्टींचीच नोंद फार आहे. कवयित्रीचे पुस्तक म्हणून उघडणाऱ्याची थोडी निराशा होते. मला मात्र तो रूक्षपणाच खरा वाटला. प्रवाळावर सुंदर कविता लिहून प्रवाळ वाचला नसता, हे त्यांना बरोबर कळले होते. त्या वर्षांत कविता मागे पडली याची खंत समीक्षक करतात. करोत बापडे.

कायद्याने कंपन्यांना अडवले, पण उन्हाला कसे अडवणार? पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या देहातील शैवाल बाहेर टाकतात आणि हाडासारखे पांढरे पडतात. लगेच मरत नाहीत. पाणी निवले तर शैवाल परत येते. नाही निवले तर उपाशी मरतात. १९९८ साली हे संकट जगभर आले, तेव्हा ज्युडिथ हयात होत्या. त्यांच्या मागे ग्रेट बॅरियर रीफवर २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी पुन्हा पुन्हा हाच प्रकार झाला. आपल्या लक्षद्वीपलाही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये त्याची झळ लागली. एकदा पोळलेला खडक पुरता भरून यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि मधले अंतर आता दोन-तीन वर्षांवर आले आहे. कोळसा आणि तेल जाळून जो वायू आपण हवेत सोडतो त्याचीच ही उष्णता. म्हणजे ज्या तेलाला त्यांनी प्रवाळाच्या खाली हात लावू दिला नाही, ते दुसरीकडून निघाले, जळले आणि हवेच्या वाटेने तेथेच परत आले. भारतात प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. तोडणाऱ्याला त्यामुळे शिक्षा करता येते. तापलेल्या पाण्यावर खटला भरता येत नाही.

उत्तर आयुष्यात ज्युडिथ यांनी टॅम्बोरीन सोडले आणि ब्रेडवुड गावाजवळच्या रानात घर बांधले. मघाशी म्हटलेला जमिनीचा प्रश्न आता त्यांच्या पुढ्यात आला. आपल्या आजा-पणजांनी ज्या कुरणांवर संपत्ती मिळवली ती मुळात आदिवासींची होती, त्यांना मारून आणि हुसकून ती घेतली गेली, हे त्यांनी जुन्या कागदपत्रांतून शोधले आणि १९८१ साली 'द क्राय फॉर द डेड' या पुस्तकात मांडले. स्वतःच्या घराण्याचा इतिहास एकदा अभिमानाने लिहून झाल्यावर तोच पुन्हा दुसऱ्या बाजूने लिहायचा, हे काम प्रवाळाच्या लढाईहून अवघड असावे असे मला वाटते. आदिवासींशी सरकारने रीतसर करार करावा म्हणून १९७९ मध्ये स्थापन झालेल्या समितीत त्या होत्या. तो करार झाला नाही.

ब्रिटिश राजसत्तेकडून दिले जाणारे कवितेचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन कवी. त्या वेळी त्यांचे कान पूर्ण गेले होते. माणसे कागदावर लिहून त्यांच्याशी बोलत. २००० सालच्या मे महिन्यात कॅनबेरा येथे आदिवासींशी सलोख्यासाठी मोर्चा निघाला, त्यात त्या चालल्या. वय ८५ च्या उंबरठ्यावर. त्यानंतर महिनाभरातच, २५ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले. एलिसन खडक आज सागरी उद्यानाच्या हद्दीत आहे.